दिवे लागायच्या आत

ती बसलेली मी कधी पाहिली नाही. ग्राउंडवर, स्टँडवर, कुणाच्या स्वयंपाकघरात, सगळीकडे ती उभीच. एसटीत निम्म्या सीटा रिकाम्या असल्या तरी वरची दांडी धरून उभी राहायची आणि जागच्या जागी पाय हलवत राहायची. डावा, उजवा, डावा, उजवा. "अगं, बस की," म्हटलं तर म्हणायची, "बसलं की पाय विसरतेत."

काय विसरतात ते तिने कधी सांगितलं नाही.

हे लिहिताना माझीही तीच गत झाली आहे. चार ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाऊन येते, पुन्हा बसते. मी फारसं बोलणारी बाई नाही. बँकेत माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्यांनाही मी कधीकाळी बास्केटबॉल खेळले आहे हे ठाऊक नाही. सांगायचं तर मग तिच्याबद्दल सांगावं लागतं, आणि तिच्याबद्दल सांगायचं तर शेवटपर्यंत सांगावं लागतं.

ती आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची कॅप्टन होती. कॉलेज परभणीतलं. टीम हरणारी. ड्रॉमध्ये आमचं नाव समोर आलं की दुसऱ्या कॉलेजच्या मुली उघड उघड खूश व्हायच्या. मुरुमाचं मैदान, एका रिंगला जाळी, दुसऱ्या रिंगला नाही. सर होते, पण त्यांचा जीव कबड्डीत. तिला कॅप्टन का केलं ते त्यांनीच एकदा सांगितलं, "खेळ हिच्यापेक्षा दोघींचा बरा आहे. पण घरोघरी जाऊन पोरी कोण मागून आणणार? ही आणते."

तिचं नाव मी लिहिणार नाही. तीही आम्हाला नावाने हाक मारत नसे. ती ताडकळसची. मी पाथरीहून जाऊन-येऊन करायची, म्हणून मी 'पाथरी'. उंच, होस्टेलवर राहणारी, वडील धरणावर नोकरीला, ती 'येलदरी'. एक 'गंगाखेड'. गावातल्याच दोघी बहिणी, त्या 'थोरली परभणी' आणि 'धाकटी परभणी'. एवढीच टीम. सातवी कधी असायची, कधी नसायची. मॅचमध्ये ती गळा फाडून ओरडायची, "पाथरी, येलदरीला दे! येलदरी, वर! गंगाखेड, मागं ये, मागं!" कडेची पोरं हसून लोळायची. एकाने एकदा तोंडाशी हाताचा भोंगा धरून विचारलं, "बाई, जिंतूर गाडी कोण्या फलाटाला लागली?" तिने बॉलवरची नजर न काढता उत्तर दिलं, "तुझी गेली रे कवाच. चालत जाय."

पोरांचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमची टीम खरोखर एसटीच्या वेळापत्रकावर चालायची. मॅच दुपारी सुरू व्हायची आणि शेवटच्या क्वार्टरपर्यंत कुणाची ना कुणाची गाडी सुटायला आलेली असायची. ती बदली मागायची. रेफरी विचारायचे, "दमली का पोरगी?"

"न्हाई, सर. गंगाखेड गाडी."

गंगाखेड बूट काढून चपला घालत स्टँडकडे पळायची. मग उरलेल्यांनी खेळायचं. आम्ही बहुतेक मॅचेस शेवटच्या क्वार्टरलाच हरलो.

हरल्यावर ती जिंकलेल्या कॅप्टनशी हात मिळवायची आणि विचारायची, "तुमच्याकडं पोरी घरून कशा सोडतेत?" डावपेच, सराव, असलं काही कधी विचारलं नाही. एकदा लातूरच्या एका कॅप्टनने उलट विचारलं, "सोडतात म्हणजे?" परतीच्या वाटेवर तिने ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं, "तिला समजलंच न्हाई गं, मी काय विचारायले ते!" कुठल्यातरी दूरच्या मुलखातली नवलाची गोष्ट सांगावी तसा तिचा आवाज झाला होता.

कॉलेजचा धड बॉल एकच. तो ती घरी न्यायची. ताडकळसच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भर गर्दीतून, मेथीच्या जुड्या आणि मिरच्यांच्या पोत्यांमधून, टप्पे देत बॉल पलीकडे न्यायचा, हा तिचा सराव. बायका ओरडायच्या, "अगं माय, टमाटे चेंगरतेन!" ती म्हणायची, "चेंगरले तर मी घेते." चेंगरायचे नाहीत. एसटीतही उभ्याने टप्पे. एका कंडक्टरने वैतागून म्हटलं, "एवढा दणदणाट करायलीस, बॉलचं हाफ तिकीट काढ आता." तो चेष्टा करत होता. तिने पैसे काढले, तिकीट घेतलं, बॉल खिडकीच्या सीटवर ठेवला आणि स्वतः दांडीला धरून उभी राहिली. पुढच्या थांब्यावर एक धोतरवाले काका चढले आणि बॉल उचलायला लागले.

"ओ काका, तिकीट हाय त्याचं."

काकांनी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरने मान खाली घातली आणि म्हणाला, "काका, तुम्ही मागं बसा."

खेळाचे नियम तिने आम्हाला फारसे शिकवले नाहीत, तिला सगळे येतही नव्हते. तिचा स्वतःचा नियम एकच, घरी खोटं बोलून यायचं न्हाई. धाकटी परभणी एकदा घरी 'प्रॅक्टिकल आहे' सांगून आली होती. हे कळल्यावर तिने सराव थांबवला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन धाकटीच्या घरी गेली. तिच्या आईला म्हणाली, "काकू, ही खेळायलीय. प्रॅक्टिकल न्हाई. आता सांगा, सोडता का?" धाकटी रडत होती. काकूंनी आम्हाला पोहे दिले आणि धाकटीला सोडलं. तिने मात्र पोहे उभ्यानेच खाल्ले. परत येताना म्हणाली, "खोट्यावर आणलेली पोरगी एक मॅच खेळती. खऱ्यावर आणलेली सालभर."

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तो दिवस. बाबा तहसील कचेरीत कारकून. कमी बोलणारे, मी त्यांच्यावर गेले. ओसरीतल्या खुर्चीत बसून त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बसा."

"उभीच बरी हाय, काका."

"पोरीला शिकायला पाठवलंय कॉलेजात. उड्या मारायला नाही."

"उड्या मारतच न्हाई हो ती. म्हणून तर हरायलाव."

आत आई हसली. बाबा हसले नाहीत. "आणि उशीर झाला तर?"

"मॅचच्या दिवशी मी सोता आणून सोडीन. दिवे लागायच्या आत पोरगी तुमच्या दारात. जिम्मा माझा. न्हाई आणली तर मला हितं दारात उभी करा."

"तुझे वडील काय करतात?"

"थोडी शेती हाय. दिवाळीनंतर मायबाप दोघं ऊस तोडायला जातेत. मी चुलतीपाशी राहते."

"मग तुला घरी कोण आणून सोडतं?"

तेव्हा तिचे पाय थांबले. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "मला?" ती म्हणाली. "मीच की."

त्यानंतर मॅच असली की ती माझ्याबरोबर पाथरीपर्यंत यायची. बाबांना मी दिसले की तिथूनच वळायची, परतीच्या गाडीने परभणीला, तिच्या मावशीकडे मुक्कामाला. बाबा तिला 'जामीनदार' म्हणायला लागले होते. "आली का तुझी जामीनदार?" असं विचारताना त्यांचा आवाज जरा सैल असायचा. माझ्या घरात कुणाच्या शब्दावर एवढा विश्वास टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

नांदेडला आम्ही जिंकलो. झोनची पहिली फेरी. सगळ्या जीपने गेलो होतो, जीपनेच परतणार होतो. कुणाची गाडी सुटणार नव्हती. शेवटच्या क्वार्टरला आम्ही पूर्ण होतो, आयुष्यात पहिल्यांदा. शेवटची बास्केट माझी. तिने ओरडून सांगितल्याप्रमाणे मी येलदरीला दिला, येलदरीने मला परत दिला आणि बॉल रिंगवर दोनदा नाचून आत पडला. त्याच धामधुमीत येलदरी कुणाच्यातरी पायावर उतरली आणि घोटा मुरगळून बसली. पुढची मॅच दोन दिवसांनी. जीपमध्ये सगळ्या गात होत्या. ती जीपच्या मागच्या फळीवर उभी, केस तोंडावर.

परभणी स्टँडला उतरलो तेव्हा ऊन होतं अजून. येलदरीचा पाय टम्म सुजला होता, दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. पाथरी गाडी फलाटाला उभी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"पाथरी, एकटी जाशील?"

"जाईन."

"सरळ गाडीत बस. उतरलीस की सरळ घर. काकांना सांग, येलदरीचा पाय मुरगळला म्हणून मी आले न्हाई. उद्या येऊन सोता सांगते."

येलदरीला धरून ती रिक्षाकडे गेली. रिक्षात तिला बसावंच लागलं असेल. मी पाहिलं नाही.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, हीच तर अडचण.

मी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. शेंगावाल्याच्या बाजूला सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसले. कोपर सोलवटलं होतं, ते चोळत बसले. बाबांना वाटत होतं मी कॅप्टनबरोबर आहे. कॅप्टनला वाटत होतं मी गाडीत आहे. मी कुठे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. मला कुणी आणत नव्हतं, कुणी नेत नव्हतं. भोंग्यातून पाथरी गाडी पुकारली, ती माझ्यासमोर भरली, निघाली. मी जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. मनात तो बॉल रिंगवर नाचत होता आणि मी पुन्हा पुन्हा तो आत पाडत होते. कुणी मुलगा नव्हता, कुणी मैत्रीण नव्हती. मी नुसती बसले होते.

स्टँडवरच्या ट्यूबा लागल्या तेव्हा भानावर आले. पाथरीला पोचले तेव्हा बाबा स्टँडवर उभे होते, माझे चुलते सोबत. बाबांनी एकच विचारलं.

"कुठं होतीस?"

बसले होते, असं सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? पोरगी संध्याकाळभर स्टँडवर एकटी बसते ती का? मी म्हणाले, "कॅप्टननं थांबवून घेतलं. जिंकलो म्हणून सगळ्यांनाच थांबवलं." आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "मी म्हणत होते सोड म्हणून."

ते शेवटचं वाक्य. त्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. येलदरीच्या पायाचं सांगायला उतावीळ झालेली, तोंड उघडलेलंच होतं. पण बाबा आधी बोलले.

"जिंकल्याचा एवढा माज? पोरीला थांबवून घेतलंस? ती सोड म्हणत होती तरी?"

मी दाराआड उभी होते, तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिचं उघडलेलं तोंड मिटलं. ती म्हणाली, "मी सोडायला आले न्हाई, हे खरं हाय, काका. शब्द मोडला."

एवढंच. मग अंगणातून मागे सरली आणि दाराबाहेर, गल्लीत, भिंतीला न टेकता उभी राहिली.

बाबा म्हणाले, "हे काय आता? जा तू."

"दिवे लागले की जाते."

उन्हात गल्ली गोळा झाली. बायका पदर तोंडाला लावून बघून जायच्या, पोरं समोर येऊन बसली. बाबा आत येरझारा घालत होते. त्यांना हे नको होतं, पण बाहेर जाऊन तिला आत बोलवणंही जमत नव्हतं. आईने मला पाण्याचा तांब्या देऊन पाठवलं. ती वरून प्यायली, मनगटाने तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "येलदरीचं हाड मोडलं न्हाई. नुसता मुरगळलाय. तू काळजी करू नको." मी कुठे होते ते तिने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "उद्याच्याला मॅच हाय. येशील ना?"

"येईन," मी म्हणाले.

गल्लीतला दिवा लागला तशी ती गेली.

मी गेले नाही. बाबांनी सोडलं नाही, पण मी मागितलंही नाही. परभणी बहिणींचे वडील बाबांच्याच खात्यात. त्यांच्या कानावर गेलं, दोघी बंद झाल्या. पुढचं मला येलदरीने सांगितलं. ती पायाला पट्टी बांधून मैदानाच्या कडेला बसली होती, दोघींनी काय खेळायचं म्हणून गंगाखेडही तिच्याजवळच. समोरच्या टीमच्या पाचजणी कोर्टवर आल्या. आमच्याकडून कॅप्टन एकटी मधल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली, पाय हलवत. रेफरींनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग मॅच समोरच्यांना देऊन टाकली.

पाथरीच्या गल्लीत पोरगी उभी केली, ही बातमी ताडकळसला पोचायला वेळ लागला नाही. चुलती म्हणाली, असली पोरगी मी सांभाळणार नाही. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर उसाला गेली. मी कॉमर्सची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले.

पुन्हा उठून गॅलरीत गेले होते. आता राहिलंय ते लिहूनच टाकते.

बाबा थकलेत. दिसायला कमी झालंय. या उन्हाळ्यात त्यांना बघायला निघाले, रेल्वेने परभणीला उतरले आणि स्टँडवर गेले. तो बाक कुठे होता तेही आता सांगता येणार नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी मला हाक मारली.

"पाथरी! मानवत, पाथरी!"

मी वळले. गाडीच्या दारात खाकी कपड्यातली बाई, केस पिकलेले, हातात तिकिटाचं मशीन. मी चढले, खिडकीशी बसले. ती तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आली.

"कुठं?"

"पाथरी."

मशीनवरचं बोट थांबलं. तिने वाकून पाहिलं. "पाथरी म्हंजे... आपली पाथरी?"

मी मान हलवली. ती एवढ्या मोठ्याने हसली की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चार हंगाम ऊस, मग लग्न, मग भरतीची जाहिरात, नोकरी. पोरगी बारावीला, उंच आहे. माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

"बस की," मी म्हणाले.

"बसलं की पाय विसरतेत."

मानवत गेल्यावर गाडी निम्मी रिकामी झाली. मी म्हणाले, "त्या दिवशी मी स्टँडवरच होते. गाडीत बसलेच नाही."

"कोणासंग?"

"एकटी."

"कामून?"

"बसावंसं वाटलं."

ती वळली. पुढे जाऊन एका जोडप्याला उतरवलं, घंटी मारली, परत आली. चिडलेली होती, हसतही असावी, कळेना.

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, मला वाटलं पोरगा हाय! काकांना कळलं तर तुझं शिक्षण बंद करतेन, लगीन लावून देतेन, म्हणून मी तोंड दाबून उभी राहिले. आन् तू बसली होतीस? तू बसावं म्हणून मी उभी राहिले व्हय दिवे लागंस्तोवर?"

"माझं चुकलं."

"दुसरी मॅचबी जिंकलो असतो आपण," ती म्हणाली. तेव्हा मात्र ती हसत नव्हती. खिडकीबाहेर बघत राहिली. मग विचारलं, "काका हायेत?"

"आहेत."

"त्यांना सांगितलंस?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिले.

गाडी पाथरीला मुक्कामी होती. ड्रायव्हरला काहीतरी सांगून ती माझ्याबरोबर उतरली. "चल," म्हणाली. गल्लीतले दिवे लागलेले होते. बाबा ओसरीत त्याच खुर्चीत बसले होते, डोळे बारीक करून दाराकडे बघत.

"कोण आहे?"

ती दाराबाहेर, जिथे तेव्हा उभी होती तिथेच थांबली. "मी ताडकळस, काका. पोरगी आणून सोडली. जरा उशीर झाला."

बाबा खुर्चीत पुढे सरकून तिच्या दिशेने बघू लागले. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"कुठं होतीस?"

"परभणीच्या स्टँडवर, बाबा. एकटीच बसले होते."

"एवढा वेळ?" बाबा म्हणाले.